अकरा सह्या, एक खांब आणि पेनं

आमचा नारायण पेठेतला वाडा बिल्डरला द्यायचा ठरला तेव्हा अकरा सह्या लागल्या. माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ अशी दोन घरं, जे हयात ते स्वतः, जे गेले त्यांची मुलं, त्यातला एक ऑस्ट्रेलियाहून खास आलेला, असं करत करत आकडा अकरावर गेला. सगळ्यांनी एका टायपिंगवाल्याच्या टेबलावर दोऱ्याने बांधून ठेवलेल्या निळ्या पेनाने सह्या केल्या. ते पेन मधेच बंद पडायचं, आत्या झटकून झटकून लिहीत होती, दादाकाका मागून म्हणतायत अगं सांभाळून, स्टँपपेपर आहे तो. ते पेन माझ्या डोक्यात राहिलं.

मी बँकेत नोकरी करतो. लाकडाशी संबंध म्हणाल तर शाळेत कार्यानुभवाच्या तासाला एक वाकडं पेनस्टँड केलं होतं तेवढाच. पण पाडकाम सुरू झाल्यावर एका शनिवारी उगाच बघायला गेलो आणि चौकात सगळं लाकूड रचून ठेवलेलं दिसलं. तुळया एकीकडे, कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फळ्या एकीकडे, खांब एकीकडे, प्रत्येकावर खडूने आकडे. वाडा बघताना कधी वाटलं नव्हतं की यात एवढं लाकूड असेल. म्हटलं एक खांब घरी नेऊ, तर पाडकामाचा कंत्राटदार म्हणाला साहेब लाकूड माझं आहे. खरंच होतं. व्यवहारच तसा झालेला, पाडायचे पैसे तो घेत नव्हता, उलट निघेल त्या लाकडा-लोखंडाच्या बदल्यात त्यानेच बिल्डरला पैसे मोजलेले. म्हणजे ज्या खांबाला पाठ लावून मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आंबे खाल्ले तो खांब मला विकत घ्यायला लागणार. आणि तेही घनफुटाच्या भावाने!

अख्खा खांब घेऊन टूबीएचकेमधे ठेवणार कुठे हा प्रश्न बायकोने फोनवरच विचारला. शेवटी ओटीवरच्या दुसऱ्या खांबाचा खालचा अडीच फुटांचा तुकडा कापून घेतला, सहा इंच बाय सहा इंच. पंधराशे रुपये दिले. कापणाऱ्या पोराने विचारलं काका याचं काय करणार, मी पटकन म्हटलं पेनं करणार. हे आधी ठरवलेलं वगैरे काही नव्हतं. म्हणजे यूट्यूबवर लेथवर पेन करतानाचे व्हिडिओ रात्री झोप येत नसली की बघायचो, ते बघून वाटायचं यात काय आहे, फिरणाऱ्या लाकडाला हत्यार लावलं की झालं.

आता इथे थोडं खांबाबद्दल सांगतो. वाड्यातले खांब दगडी तळखड्यावर उभे असायचे, जमिनीत पुरलेले नाही, त्यामुळे ओल वर चढत नाही. तरी आमच्या खांबाचा तळ खालून चारेक बोटं कुजल्यासारखा मऊ झालेला होता, आणि त्यात एक उभी चीर होती. ती चीर स्क्रूड्रायव्हरने कोरली तर आतून राखाडी, पिठासारखी बारीक माती पडली. मला वाटलं वाळवीची. आत्याला दाखवली तर ती बोटाने चोळून म्हणाली, ही पुराची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि नदीकाठच्या पेठांमधे पाणी घुसलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आमच्याकडे पाणी ओटीच्या कडीपाटाला टेकलेलं, आणि उतरल्यावर महिनाभर सगळे जण नुसता गाळ उपसत होते म्हणाली. भांडी धुतली, गाद्या फेकल्या, पण खांबाच्या चिरेत कोण बघणार. साठ वर्षांनी ती माती माझ्या बाल्कनीत वर्तमानपत्रावर पडलेली. मी ती एका छोट्या बरणीत भरून ठेवली, बायकोने त्यावर चिठ्ठी लावली, 'खाऊ नये'.

पहिला अडथळा म्हणजे कापणार कोण. वखारीत गेलो तर जुन्या लाकडाला हात लावायला तयार नाहीत, कारण खिळे. बँडसॉच्या पात्याला एक खिळा लागला की दात जातात. एक जण तयार झाला पण म्हणाला पातं तुटलं तर सहाशे तुम्ही द्यायचे. मग मी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून दोऱ्याला बांधलं आणि खांबाच्या चारी बाजूंनी सावकाश फिरवत बसलो, जिथे ओढलं जाईल तिथे खूण. सात खिळे निघाले. सहा साधे, आताचे, गोल. सातवा चौकोनी, ठोकून घडवलेला, डोकं वेडंवाकडं, करंगळीएवढा लांब. खूश झालो. आणि आठवा होता तो आत मोडून राहिलेला, तो चुंबकाला सापडलाच नाही, तो पात्याला सापडला. सहाशे दिले.

पण त्या आठव्या खिळ्याने एक काम केलं. कापलेल्या फळीत त्याच्याभोवती शाईसारखा निळा-काळा ओघळ पसरलेला दिसला, बोटभर लांब. लाकडातलं टॅनिन आणि लोखंडाचा गंज, त्यात कधीतरी ओल, असं मिळून हा रंग होतो. जुन्या काळी शाईसुद्धा अशीच करायचे, लोखंड आणि टॅनिन. म्हणजे खांबाने स्वतःच आतल्या आत थोडी शाई करून ठेवलेली. तो तुकडा बाजूला ठेवला.

हिशोब असा होता. पेनाला पाऊण इंच जाडीची चौकोनी कांडी लागते, साधारण पाच इंच लांब. बाहेरचा अर्धा-अर्धा इंच काढला तरी पाच बाय पाच इंच उरतं, त्यात सहज पंचवीस कांड्या, वर लांबीत निदान चार तुकडे, म्हणजे शंभर पेनं. वॉट्सॅपवर भावंडांच्या ग्रुपमधे मी जाहीर करून टाकलं की वाड्याच्या खांबाची पेनं करतोय, सगळ्यांना एकेक. अकरा तर अकरा, शंभर कांड्या आहेत! प्रत्यक्षात खांबाच्या मध्यात झाडाचा गाभा आलेला, त्याला चारी बाजूंनी भेगा, करवतीत किती लाकूड भुशात जातं ते मी धरलंच नव्हतं, खालचा भाग किडलेला. त्रेचाळीस कांड्या हातात आल्या. आणि पेनं किती झाली ते वाचत राहा.

लेथ माझ्याकडे नव्हता. भवानी पेठेच्या बाजूला एक कातारीकाका आहेत, पोळपाट-लाटणी, पाळण्याचे खांब, जिन्याचे दांडे कातून देतात. नाव नाही लिहीत, त्यांना आवडणार नाही. त्यांना सांगितलं मला पेन करायचंय. ते म्हणाले, दुकानात दहा रुपयाला मिळतं. मग मी खांबाची कांडी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, वास घेतला, नखाने ओरखडून बघितली आणि म्हणाले, "रविवारी या. लाइट बिलाचं बघून घेऊ आपण."

सागवान ताजं कातलं की एक चामड्यासारखा, जरा तेलकट वास येतो. मला वाटलं होतं सव्वाशे-दीडशे वर्षांच्या लाकडाला कसला वास. बाहेरून ते राखाडी झालेलं, धूर, तेलकट हात, तीन-चार वेळा दिलेला ऑइलपेंट, पण आत दोन मिलिमीटर गेलं की एकदम मधासारखा रंग आणि तोच वास. कातारीकाका म्हणाले हे लाकूड अजून झोपलेलं नाही. ऑइलपेंटवरून आठवलं, जुन्या रंगात शिसं असू शकतं त्यामुळे तो घासून उडवायचा नाही, मी करवतीने सरळ तो थरच कापून काढला. ही अक्कल मात्र आधी आली, बाकीची नंतर आली.

पेन करायची पद्धत अशी. बाजारात किट मिळतं. मी सुरुवातीला स्लिमलाइन नावाचं घेतलं, सगळे नवशिके तेच घेतात. त्यात दोन पितळी नळ्या, लिहायचं टोक, फिरवली की रिफिल बाहेर येते ती यंत्रणा, मधली रिंग, क्लिप, टोपी. कांडीचे दोन भाग करायचे, प्रत्येकाला मधोमध ७ मिलिमीटरचं आरपार भोक, त्यात नळी चिकटवायची, मग लोखंडी सळईवर, तिला मँड्रेल म्हणतात, दोन्ही भाग ओवून लेथवर फिरवायचे आणि दोन्ही टोकांच्या बुशपर्यंत, म्हणजे मापाच्या कड्यांपर्यंत, लाकूड उतरवत आणायचं. नळीवर लाकूड शेवटी एक-दीड मिलिमीटर उरतं. म्हणजे सहा इंची खांबाचं आपण कागदाच्या पुठ्ठ्याएवढं सालपट ठेवतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला जरा कसंतरीच वाटलं.

आणि कांडीचे दोन भाग करण्याआधी त्यावर पेन्सिलीने एक बाण काढायचा. नाहीतर वरचा आणि खालचा भाग फिरतो, रेघा जुळत नाहीत आणि पेन बघणाऱ्याला काय चुकलंय ते कळत नाही पण काहीतरी चुकलंय हे कळतं. मी बाण काढला. मग कांडी रंध्याने साफ केली, बाणासकट.

पहिल्या सहा कांड्या कशा गेल्या ते सांगतो. दोन ड्रिल करताना फुटल्या, कारण मी घाईने ड्रिल आत घातलं, बाहेर काढून भुसा झटकला नाही, आत तापलं आणि शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला कडकन आवाज. कातारीकाका म्हणाले, घाई कुणाला आहे, लाकडाला नाही. एकीत नळी अर्ध्यात गेली आणि सुपरग्लू धरला. ना आत ना बाहेर. त्याच वेळी माझी दोन बोटंही एकमेकांना चिकटली, घरी येऊन बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरने सोडवली. उरलेल्या तीन लेथवर उडाल्या. उडाल्या म्हणजे हत्यार अडकतं, लाकडाची आख्खी ढलपी नळीवरून उचकटून निघते आणि मागच्या भिंतीवर जाऊन आपटते, आणि खाली पितळ चमकतं. तीनही वेळा तेच.

याचं कारण शोधायला मला महिना लागला. सागवानात मुळात तेल असतं, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. भोक पाडल्यावर आतून ॲसिटोनने पुसायचं, लगेच नळी घालायची, आणि सुपरग्लू सोडून सरळ दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरायचा, रात्रभर ठेवायचं. नळी पण आधी पॉलिश पेपरने खरखरीत करायची. एवढं केल्यापासून एकही ढलपी उडाली नाही. म्हणजे उडाली एकदा, पण ती माझी चूक.

दुसरी गोष्ट म्हणजे धार. सागवानात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच भाऊ, हत्याराची धार बघता बघता जाते. वर आमच्या खांबात पुराची माती. दर पेनाला दोनदा ग्राइंडरवर जायला लागायचं. धार गेलेलं हत्यार मी दाबून चालवायचो आणि काकांचं एकच वाक्य असायचं, "दाबू नका, टेकवा." ते स्वतः चार बोटं हत्यारावर नुसती ठेवून उभे राहायचे, आणि लाकडाची लांबच लांब, रिबिनीसारखी साल निघून त्यांच्या शर्टावर पडायची. माझ्या वेळी भुकटी. धार लागली आणि कोन जमला की साल निघते, नाहीतर भुकटी निघते, एवढं साधं आहे ते. मला पहिली साल निघाली ती नवव्या कांडीला, बोटभर. मी लेथ बंद करून तिचा फोटो काढला. काका हसून चहा सांगायला गेले.

मधेच हातावर पुरळ उठलं, मग पापण्या सुजल्या. डॉक्टरांनी विचारलं नवीन काय करताय. सागवानाच्या भुशाची ॲलर्जी काही जणांना होते म्हणे, मी त्यातला निघालो. तेव्हापासून पूर्ण बाह्या, मास्क, चष्मा. सुतारकाम करणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही, पण व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, तिथे सगळे हाफ शर्टात हसत असतात.

फिनिशिंगवर तर मी एक पूर्ण दिवाळी घालवली. १५० पासून ६०० पर्यंत पॉलिश पेपर, मग आणखी बारीक, लेथ थांबवून लांबीच्या दिशेने पण घासायचं नाहीतर गोल ओरखडे राहतात. मग आधी चपडी लावली, स्पिरिटमधे लाखेचा चपडा विरघळवून, फिरत्या लाकडावर फडक्याने. एक मिनिटात असली सुंदर चमक की मी पहिलं पेन खिशाला लावून बँकेत गेलो. काउंटरवर सॅनिटायझरची बाटली असते, हात चोळले, तसंच पेन धरलं, आणि दुपारपर्यंत पेन चिकट. सॅनिटायझरमधे अल्कोहोल, चपडी अल्कोहोलमधेच विरघळते, वेगळं काय होणार! मग सुपरग्लूचंच फिनिश दिलं, पातळ थरावर थर, दहा-बारा थर. ते टिकतं, पण काचेसारखं दिसतं. दादाकाकांनी ते हातात घेतलं आणि विचारलं प्लॅस्टिकचं आहे का. शेवटी सुपरग्लूचे तीनच थर, ते घासून चमक मारायची आणि वरून मेण, असं काहीतरी मधलं जमवलं. हाताला लाकूड लागतं आणि घामाने खराब होत नाही. सागवानाची छिद्रं मोठी असतात, ती पूर्ण बुजत नाहीत, मी बुजवायच्या नादाला लागलोही नाही.

आता वयाचं प्रकरण. दादाकाका पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगत होते की पेशवेकालीन खांबाची पेनं होणार. पुण्यात दोन मजली जुनं काहीही पेशवेकालीन असतं. मी पण आधी उत्साहात एक छोटं कार्ड डिझाइन केलेलं, पेनाच्या डबीत ठेवायला, त्यावर मोठ्या अक्षरात 'पेशवेकालीन सागवान'. म्हटलं बाहेर लोक किती करतात. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं ते प्रसिद्ध टेबल एचएमएस रेझोल्यूट या जहाजाच्या लाकडाचं, १८८० मधे राणी व्हिक्टोरियाने पाठवलेलं. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेलं एचएमएस ट्रिंकोमाली, १८१७ चं, आजही इंग्लंडमधे हार्टलपूलला तरंगतंय. पण त्या जहाजांचे कागद आहेत. शनिवारवाड्यालासुद्धा सागवान जुन्नरच्या जंगलातून आलं असं सांगतात. आमच्या खांबाला काय आहे?

आमच्याकडे एक खरेदीखत आहे, मोडीतलं, १८९१ सालचं. ओळखीतल्या एका मोडी वाचणाऱ्या बाईंकडून वाचून घेतलं. त्यात पणजोबांच्या वडिलांनी वाडा विकत घेतल्याचं आहे, बांधल्याचं नाही. वाडा त्याआधीचा, एवढंच. मग मी खांबाच्या तुकड्याची एक चकती कापली, ६०० च्या पेपरने आरशासारखी घासली आणि वर्तुळं मोजायला बसलो. सागवानाची पानं गळतात, पावसाळा आला की नव्या वाढीत मोठ्या छिद्रांची ओळ तयार होते, त्यामुळे वर्षाचं वर्तुळ नुसत्या डोळ्यांना दिसतं. दर दहाला एक टाचणी. मुलीने परत मोजली. तिची ७८ भरली, माझी ७६. दोन जागी रेघ खरी की खोटी यावर आमचं भांडण झालं, शेवटी कमी धरायचं ठरलं, ७६. आणि ही झाडाची पूर्ण वर्तुळं नव्हेत, कारण खांब चौकोनी करताना सुताराने बाहेरचं लाकूड काढून टाकलेलं.

आता गणित बघा. १८९१ मधे वाडा उभा होता. खांबाचं झाड तोडलं तेव्हा किमान ७६ वर्षांचं. म्हणजे झाड उगवलं १८१५ मधे किंवा त्याआधी. पेशवाई बुडाली १८१८ ला. मी दादाकाकांना फोन करून सांगितलं की काका, वाड्याचं माहीत नाही, पण झाड मात्र पेशवेकालीन आहे. बहुतेक रोपटं असेल, पण आहे. ते इतके खूश झाले की त्यांनी लगेच ग्रुपवर टाकलं.

आणि ग्रुपवर ऑस्ट्रेलियावाल्या भावाने एका ओळीत विचारलं, पानशेतनंतर तो खांब बदलला नव्हता हे कशावरून?

संपलं. रात्रभर विचार केला. चिरेतली माती सांगते की खांब १९६१ ला होता. त्याच्या आधीचं ती काहीच सांगत नाही. घडीव खिळा जुना दिसतो, पण जुनं लाकूड दुसऱ्या वाड्यातून आणून बसवलेलं असू शकतं, तसं सर्रास व्हायचं. आत्या म्हणते ओटीवरचे सहाही खांब तिच्या आठवणीत तेच, पुरानंतर फक्त मागची पडवी नवीन केली. तिच्यावर माझा विश्वास आहे, पण आठवण ती आठवण. कार्ड परत डिझाइन केलं. 'नारायण पेठ, पुणे. ओटीवरचा दुसरा खांब. सागवान. ७६ वर्तुळं मोजली.' बस. दादाकाका म्हणाले हे काय, किराणा मालाची यादी वाटते. त्यांच्या कार्डावर मी त्यांच्यासाठी मागे पेन्सिलीने 'पेशवेकालीन (झाड)' लिहून दिलं.

त्रेचाळीस कांड्यांतून सोळा पेनं उभी राहिली. त्यातली दोन जोडताना गेली, कारण किट दाबून बसवायचं असतं आणि फिरवायची यंत्रणा जास्त आत दाबली गेली की रिफिलचं टोक कायम बाहेर राहतं, परत ओढून निघत नाही. त्यातलं एक मी वापरतो, शर्टाला डाग पडतात. दोन कातारीकाकांकडे, एकाने ते दुकानाच्या पाटीवर आकडे लिहायचा प्रयत्न करतात, पाटी खडूची आहे तरी. लाइट बिलाचे पैसे मात्र त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत. आणि स्लिमलाइनला ती बारीक वेगळी रिफिल लागते, जी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळत नाही, हे मला आठ पेनं झाल्यावर कळलं. म्हणून शेवटची पेनं जाड किटमधे केली, एकच नळी, साधी पार्करची रिफिल बसते. आत्याला जाडच दिलं, तिची बोटं आता वाकत नाहीत.

वाटायला पाडव्याला सगळे जमले होते. निळ्या-काळ्या ओघळाचं पेन एकच झालं होतं, ते कुणाला द्यायचं यावर मी चिठ्ठ्या टाकायच्या म्हणत होतो, कारण इस्टेटीच्या वाटणीत जे झालं ते परत नको. चिठ्ठीत आत्याचंच नाव निघालं. तिने ते उघडलं, फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सही करून झाल्यावर पेन देतोस होय रे?" सगळे हसले, दादाकाका नाही हसले.

मग तो डाग कशाचा यावर सुरू झालं. मी सांगितलं खिळ्याचा. दादाकाका म्हणाले तिथे कंदील असायचा. बाबा म्हणाले कंदील पहिल्या खांबाला, दुसऱ्याला घड्याळ. आत्या म्हणाली घड्याळ आत माजघरात होतं. कुणीतरी म्हणालं काकूंना विचारा.

काकू म्हणजे आमच्या भाडेकरू. बावन्न वर्षं ओटीलगतच्या दोन खोल्यांत राहिल्या, आता बिल्डरने दिलेल्या भाड्याच्या घरात कर्वेनगरला मुलाकडे. त्यांची सही वेगळ्या कागदावर होती, त्या अकरात नव्हत्या, त्यामुळे माझ्या हिशोबातही नव्हत्या. मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली. दुसऱ्या दिवशी एक पेन घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून ते नीट बघितलं, नाकाशी नेलं.

"दुसरा खांब ना? तिथे माझा ट्रान्झिस्टर टांगलेला असायचा, सकाळी सातच्या बातम्यांना. खिळा यांनीच ठोकला होता, तुझ्या आजोबांची चार बोलणी खाऊन."

मी विचारलं चौकोनी खिळा की गोल. त्या म्हणाल्या खिळ्यासारखा खिळा रे, मला काय माहीत. गोल असेल तर सहांपैकी एक त्यांचा. मी ते सहा भंगारात टाकले होते.

चहा झाला. निघताना त्यांनी पेन माझ्या हातात परत दिलं. म्हणाल्या छान आहे पण मला याचा उपयोग नाही, मी रोजचं शब्दकोडं सोडवते आणि ते पेन्सिलीने, खोडायला लागतं ना. पेन्सिल होते का याची?

होते. शिशाच्या पेन्सिलीचं किट मिळतं, ०.७ चं, भोक तेच ७ मिलिमीटर. चार कांड्या शिल्लक आहेत. रविवारी कातारीकाकांकडे जातोय.